अब्बांच्या कानातलं गाणं

रोजा सोडायला पाऊण तास असतो. आत भजी तळणं सुरू असतं, खजूर आणि कापलेल्या फळांची ताटं लागत असतात आणि नेमके तेव्हाच आमचे अब्बा उठून दाराची कडी काढू लागतात. ‘घर जाना है,’ म्हणतात. चाळीस वर्षं ज्या घरात राहिले, त्याच घरातून! स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया झालेल्या अनेकांची बेचैनी दिवस मावळताना वाढते. रमजानमध्ये घरातली सर्वांत मोठी धांदलही त्याच वेळची.

अब्बांना रोजा माफ आहे. कुरआनने आजाऱ्याला सवलत दिली आहे. दुखणं बरं होणारं नसेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवू घालायचं. ते आम्ही करतो. प्रश्न त्यांच्या संध्याकाळचा होता.

डॉक्टर म्हणाले, आवडीची गाणी ऐकवून बघा. मी नात आणि कव्वाल्या लावल्या. म्हातारा मुसलमान माणूस, त्यात रमजान, आणखी काय आवडणार? अब्बांनी हेडफोन काढून उशीखाली सरकवला.

चूक माझी होती. न्यूयॉर्कचे समाजसेवक डॅन कोहेन यांनी 2006 साली वृद्धाश्रमात आयपॉडवरून गाणी ऐकवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचा भर एकाच गोष्टीवर होता : गाणं त्या माणसाचंच हवं, आपण ठरवलेलं नको. बहुतेकांच्या बाबतीत ते दहा ते तीस या वयात कानावर पडलेलं असतं. जर्मनीत लाइपझिगच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं, की जुनं, ओळखीचं संगीत मेंदूच्या ज्या भागांत साठतं, त्यांना अल्झायमरची झळ तुलनेने उशिरा लागते. म्हणूनच मुलाचं नाव विसरलेल्या माणसाला अंतरा आठवू शकतो.

मग मी फुफीला गाठलं. ती म्हणाली, ‘अरे, तो पेठेत मास्तरांकडे शिलाई शिकायला होता ना, तिथला रेडिओ!’ 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, वर्षभर दर आठवड्याला नवं गीत. त्या वेळी मास्तर सगळ्यांची मशिनं थांबवायचे. अब्बा तेव्हा तेरा वर्षांचे. आम्हाला हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा उजवा पाय पायडल मारल्यासारखा हलू लागला. चौथ्या दिवशी माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘फडके आहेत.’ चक्क मराठीत.

चुलतभावाला हे रुचलं नाही. ‘भाईजान, रमजान में गाना? और वो भी ये?’ त्याचा पहिला मुद्दा मला मान्य आहे. रमजानमध्ये आमच्या घरात गाणी वाजत नाहीत, म्हणून तर हेडफोन. दुसऱ्या मुद्द्यावर मी एवढंच म्हणालो, की अब्बांना त्यात मास्तरांचं दुकान ऐकू येतं. मगरिबच्या नमाजनंतर मी सूरह यासीन लावतो. तिलावतीला आम्ही संगीत म्हणत नाही, पण अब्बांचे ओठ तिथेही हलतात.

याला औषध समजू नये. अमेरिकेत पन्नासहून अधिक नर्सिंग होममध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत रुग्णांची अस्वस्थता ठळकपणे कमी झाल्याचं दिसलं नाही. आमच्याकडेही आठवड्यातून दोनदा अब्बा कडीपर्यंत जातातच. एका गाण्याला ते हुंदके देऊन रडले. कारण कळलं नाही, ते गाणं आम्ही काढून टाकलं. आणि मोबाइलवरून लावू नका, हे अनुभवाने सांगतो. मध्येच जाहिरात ओरडते आणि माणूस दचकून उठतो. आम्ही बारा गाणी मेमरी कार्डात भरून घेतली. आवाज बारीक ठेवतो आणि बेचैनी सुरू व्हायच्या अर्धा तास आधीच हेडफोन लावतो. नंतर लावला तर ते हात झटकतात.

काल अजान झाली, तशी मी हेडफोन काढून त्यांच्या हातात खजूर ठेवला. त्यांनी तो निरखून पाहिला.

‘मास्तरांना दिला का?’

‘दिला, अब्बा.’

मग त्यांनी खाल्ला.