खालच्या कवळीची तजवीज

मुक्ताईनगराला अजूनही एदलाबाद म्हणणाऱ्या पिढीतील ज्या वृद्धांनी दात गेल्यावर कवळी करून घेतली, त्यांपैकी कित्येकांची वरची कवळी नित्य तोंडात असते आणि खालची मात्र फडताळातल्या पाण्याच्या वाटीत पडून राहते. मग कळण्याची भाकरी पुढ्यात आली, की ती दुधात कुस्करून गिळावी, हा शिरस्ताच होऊन बसतो.

याचे खापर म्हाताऱ्या माणसाच्या आळसावर फोडणे अन्यायाचे आहे. वरची कवळी टाळूच्या विस्तीर्ण पृष्ठभागावर लाळेच्या पातळ थराने चिकटून राहते; खालचीच्या वाट्याला नालाच्या आकाराची अरुंद हिरडी तेवढी येते, आणि जीभ, गाल व ओठ तिला बोलताचालता उचलून देत असतात. शिवाय दात गेले की जबड्याचे हाड झिजू लागते, आणि खालचे हाड तर दीर्घकालीन निरीक्षणांत वरच्याच्या सुमारे चौपट झिजलेले आढळले आहे.

यावर उपाय आहे तो इम्प्लांटचा, म्हणजे हाडात रुजणाऱ्या टायटॅनियमच्या खिळ्याचा. स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण, प्रयोग संपल्यावर काढू जाता, हाडाशी एकजीव होऊन निघेना, या अनपेक्षित अनुभवातून त्याची कल्पना उदयास आली. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे खिळे बसविले. कवळीसाठी खालच्या जबड्याच्या पुढल्या भागात असे दोनच खिळे पुरतात. ते हाडात रुजायला साधारण तीन महिने द्यावे लागतात; नंतर त्यांच्या माथ्यावरील गोळ्यांवर कवळीच्या आतल्या खोबणी टिचबटणासारख्या ‘टच्’ करून बसतात आणि रात्री स्वच्छतेसाठी कवळी काढताही येते. मॉन्ट्रियल येथे २००२ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा, अशी शिफारस केली.

अडचण अर्थातच पैशांची. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब वृद्धांना कवळी मिळण्याची तरतूद आहे, इम्प्लांटची नाही. ही उणीव सरकारने दूर करावी. तोवर कमी खर्चात होईल का, याची धुळ्याच्या एसीपीएम दंत महाविद्यालयासारख्या शिक्षणसंस्थेत चौकशी करणे श्रेयस्कर. मधुमेह आटोक्यात नसेल, किंवा मिसरी-तंबाखू सुटत नसेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये, कारण खिळा रुजणे त्यावरही अवलंबून असते; आणि खोबणीतील रबरी कडी झिजली की बदलावी लागते, हेही आधीच विचारून घ्यावे.

पूर्ण तोंडभर पक्के दात बसविण्याचा लाखांचा अंदाज ऐकून निराश होऊन परतणाऱ्याने, निघण्यापूर्वी डॉक्टरांना एवढेच विचारावे: ‘माझ्या खालच्या कवळीला दोन खिळ्यांनी भागेल का?’