डोंगरावरचा वर्ग बोलका व्हावा म्हणून

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील दोन डोंगराळ, आदिवासीबहुल तालुके. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि राज्यातील इतर महाविद्यालयांप्रमाणेच येथील शिक्षणही मोबाइलच्या पडद्यावर आले. पाड्यावर रेंज नाही म्हणून टेकडी चढायची आणि तिथे बसून तासभर एकाच आवाजातील व्याख्यान ऐकायचे, अशी वेळ दुर्गम भागांतील अनेक विद्यार्थ्यांवर आली. टाळेबंदी सरली, पण ऑनलाइन शिक्षण टिकून राहिले. एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'च्या माध्यमातून शिकण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये दिली. शेती वा नोकरी सांभाळून पदव्युत्तर पदवी घेऊ पाहणाऱ्या तरुणाला तर हा मोठाच आधार आहे. त्यामुळे आता खरा प्रश्न आहे तो हा वर्ग बोलका कसा करायचा, हा.

थांबणारी चर्चा

'स्वयम्'च्या रचनेत चित्रफीत, वाचनसाहित्य आणि मूल्यमापन यांच्या जोडीला चर्चामंच हा स्वतंत्र घटक आहे. प्रत्यक्षात मात्र सर्वाधिक उपेक्षा त्याचीच होते. वास्तविक जव्हार-मोखाड्यासारख्या भागात तोच सर्वाधिक उपयोगी ठरावा. दिवाळीनंतर येथील कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. ठरावीक वेळी हजर राहणे ज्याला शक्य नाही, त्याच्यासाठी थेट तासापेक्षा सोमवारी विचारलेला आणि शनिवारपर्यंत उत्तराची वाट पाहणारा लेखी प्रश्न अधिक न्याय्य असतो. शिवाय चार ओळींच्या मजकुराला चित्रफितीच्या तुलनेत नाममात्र डेटा लागतो.

याला आणखी एक बाजू आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांना १९७०च्या दशकात आढळले. तीन सेकंद थांबल्यास उत्तरे अधिक विस्तृत येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात, असेही त्यांनी दाखवून दिले. घरी वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या आणि वर्गात प्रमाण मराठी वा इंग्रजीला बिचकणाऱ्या विद्यार्थ्याला लेखी चर्चा तीन सेकंदच नव्हे, तर तीन दिवस देते.

प्रश्न उत्तरांचा नव्हे, मतांचा

'जलव्यवस्थापनाचे महत्त्व सांगा' असा प्रश्न टाकला, की एकाच पुस्तकातून उतरवलेली तीस उत्तरे येतात. त्याऐवजी मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे उदाहरण घेता येईल. १०२ मीटर उंचीचे हे धरण मुंबईला पाणी पुरवते आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. 'या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा?' असे विचारले, तर अर्थशास्त्राच्या वा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुस्तकाबाहेर पाहावेच लागेल.

येथे एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमध्ये रुजवलेली 'जिगसॉ' पद्धत उपयोगी पडते. चार गटांनी अनुक्रमे महानगराची गरज, गावाची तहान, कायदा आणि खर्च या बाजू अभ्यासायच्या. मग प्रत्येक गटातील एकेक जण घेऊन नवे गट करायचे आणि आपली बाजू इतरांना समजावून द्यायची. प्रत्येकाकडे चित्राचा एकच तुकडा असल्याने कोणालाही गप्प राहून चालत नाही. शिक्षकाने प्रत्येक नोंदीला उत्तर देण्याची गरज नाही. मात्र आठवड्याअखेर चर्चेचे सार मांडणे आणि सुटलेला मुद्दा दाखवून देणे हे त्याचेच काम. एरवी चर्चामंच केवळ हजेरीपट बनतो.

थोडक्यात सादरीकरण

'एडएक्स' या संस्थेच्या अभ्यासक्रमांतील लाखो प्रेक्षणांचा अभ्यास २०१४ मध्ये फिलिप गुओ व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. सहा मिनिटांपेक्षा लहान चित्रफितीच विद्यार्थी लक्ष देऊन पाहतात, असा त्याचा निष्कर्ष होता. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांनुसार पडद्यावरील मजकूरच वाचून दाखविल्याने आकलनात भर पडत नाही. चित्र आणि त्यावरचे बोलणे ही जोडी अधिक परिणामकारक ठरते. म्हणजे तासाभराच्या व्याख्यानाचे सहा-सहा मिनिटांचे भाग करावेत, प्रत्येक भागाच्या शेवटी एक प्रश्न ठेवावा आणि तो ध्वनिफितीच्या रूपातही द्यावा. विद्यार्थ्यांकडूनही वीस स्लाइडऐवजी एक छायाचित्र आणि पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रित विवेचन मागवावे. एका चित्रात लग्न, शेती आणि नृत्य मांडणारी वारली कला जिथे घराघराच्या भिंतीवर वाढली, तिथे हे अवघड वाटू नये.

अर्थात, पद्धती कितीही चांगल्या असल्या तरी मनोरे, वीज आणि साधने यांना त्या पर्याय ठरत नाहीत. चर्चेला गुण नसतील, तर परीक्षेच्या धास्तीत तिच्याकडे कोणी फिरकणारही नाही. तरीही शिक्षकाच्या हाती बरेच काही आहे. जो विद्यार्थी टेकडी चढून वर्गात येतो, त्याला केवळ ऐकवून परत पाठवायचे की त्याचे म्हणणेही ऐकून घ्यायचे, हे ठरवायला कोणत्याही मनोऱ्याची वाट पाहावी लागत नाही.