घशातले खडे

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात टाळूच्या रोगांमध्ये ‘तुंडिकेरी’ येते. तुंडिकेरी म्हणजे रानकापशीचे बोंड. सुजलेला टॉन्सिल पाहिलेल्याला ही उपमा लगेच पटेल. पाथर्डी-शेवगावच्या कापूसवाल्या शेतकऱ्याला तर अधिकच. पण सूज नसतानाही टॉन्सिलची एक तक्रार असते आणि तिच्याविषयी लाजेपोटी कुणी बोलत नाही. खाकरताना तांदळाच्या कणीएवढा पिवळट खडा पडतो. तो बोटांत चिरडला की घाण वास सुटतो.

टॉन्सिल गुळगुळीत नसतो. त्याच्यावर 10 ते 30 खोल खळगे असतात. जंतूंची ओळख पटवण्यासाठी शरीराला त्यामुळे अधिक पृष्ठभाग मिळतो. याच खळग्यांत अन्नकण, मृत पेशी आणि जिवाणू साचतात, त्यांवर कॅल्शियमचे क्षार बसतात आणि खडा तयार होतो. आत हवा पोहोचत नाही. तिथले जिवाणू गंधकयुक्त वायू सोडतात. वास येतो तो या वायूंचा. पोट साफ करणारी चूर्णे घेऊन तो जात नाही, याचे कारण हेच.

लाळ ही तोंडाची निसर्गदत्त चूळ. तोंड कोरडे पडले की साचणे वाढते. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. पहाटेपासून फडात कोयता, रात्री-अपरात्री गाडी भरणे, बेताचे पाणी आणि सोबतीला तंबाखू किंवा मशेरी, अशा दिनक्रमात तोंडाची निगा मागे पडते.

उपाय साधे आहेत. जेवणानंतर खळखळून चूळ भरावी. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. दातांबरोबर जीभही घासावी, पाणी पुरेसे प्यावे, तंबाखू सोडावी. बरेच खडे आपोआप निघून जातात. काडी, पिन किंवा बाभळीचा काटा घेऊन कोरू नये; टॉन्सिल रक्ताळतो, जखम चिघळते. प्रतिजैविकांनी खडा विरघळत नाही. त्रास वारंवार होत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ खडा काढून देतात. टॉन्सिल काढण्याची शस्त्रक्रिया हा शेवटचा पर्याय. मोठ्या माणसांत त्यानंतरचे दिवस बरेच वेदनेचे जातात आणि रक्तस्रावाचा धोकाही असतो.

खडा स्वतः सहसा निरुपद्रवी असतो. मात्र त्याच्या आड दुसरे काही लपू नये. एकाच बाजूचा टॉन्सिल वाढलेला, न भरणारा व्रण, थुंकीतून रक्त, गिळताना किंवा कानात दुखणे, मानेत गाठ, यांपैकी काहीही दोन-तीन आठवडे टिकले तर ‘खडाच असेल’ म्हणून थांबू नये. तंबाखू खाणाऱ्याने तर मुळीच नाही. कर्करोगाची सुरुवात अशीही होते. फडावर असलेल्या माणसाने तपासणीसाठी हंगाम संपायची वाट पाहिली, तर सहा महिने हातचे जातात. वासाची लाज सोडून वेळेवर तोंड उघडून दाखवणे, हाच यातला खरा उपचार.