हेल्मेटातले नऊ मिलिसेकंद

मागच्या आठवड्यात आपण संवेगापाशी थांबलो होतो: वस्तुमान गुणिले वेग. आज हा संवेग शून्यावर येताना काय घडतं ते पाहू. उदाहरण घेऊ रस्त्यावर आपटणाऱ्या डोक्याचं.

"इथंच तर जायचंय, हेल्मेट कशाला?" हे आपल्या शहरांत रोज ऐकू येतं. गाडी हळू असली की डोकंही हळूच आपटेल, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. पण डोकं ज्या वेगानं जमिनीवर आदळतं, तो बऱ्याचदा गाडीनं दिलेला नसतो, उंचीनं दिलेला असतो. सिग्नलला उभी स्कूटर कलंडली आणि डोकं दीड मीटरवरून खाली आलं, तरी गुरुत्वाकर्षण त्याला सेकंदाला ५.४ मीटर वेग देतं. म्हणजे ताशी १९ किलोमीटरहून जास्त. डोकं साधारण ५ किलोचं धरलं, तर संवेग झाला २७ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद.

हे २७ शून्य व्हायचेच, त्यात सूट नाही. संवेगातला हा बदल म्हणजेच आवेग, आणि आवेग म्हणजे बल गुणिले काळ. गुणाकार ठरलेला आहे. काळ वाढला तरच बल उतरेल.

उघडं डोकं डांबरावर आदळतं तेव्हा थांबायला त्याला जेमतेम ४ मिलिमीटर मिळतात असं समजू. तेवढ्यात दीड मिलिसेकंद सरतो. २७ ला ०.००१५ नं भागा: १८,००० न्यूटन, म्हणजे सुमारे १.८ टन वजनाएवढं सरासरी बल. कवटी तडकायला याहून पुष्कळ कमी पुरतं. आता हेल्मेटातला थर्माकोलचा थर २५ मिलिमीटर दबला असं धरू. वेळ होतो नऊ मिलिसेकंद आणि बल उतरतं ३,००० न्यूटनवर. एक षष्ठांश! डोळ्याची पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो, पण जीव वाचतो तो एवढ्याच अवधीत.

म्हणून हेल्मेटचा खरा कामाचा भाग आतला थर आहे. बाहेरचं कवच आघात पसरवतं, टोकदार दगड आत घुसू देत नाही. पण वेळ मिळवून देतो तो चिरडणारा थर्माकोल. नुसता स्पंज लावलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या विकल्या जातात, त्यांचा मला मनापासून राग येतो. स्पंज क्षणात पूर्ण दबतो आणि पुढचा दणका थेट डोक्याला बसतो. शिवाय तो उसळतो. डोकं सेकंदाला दोन मीटरनं मागं उसळलं, तर संवेगातला बदल २७ राहत नाही, ३७ होतो. थर्माकोल चिरडतो आणि बराचसा चिरडलेलाच राहतो, हाच त्याचा गुण.

१९३५ मध्ये मोटारसायकल अपघातात जखमी झालेल्या टी. ई. लॉरेन्स या ब्रिटिश लेखक-सैनिकावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. लॉरेन्स वाचले नाहीत. केर्न्स यांनी पुढे दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि ब्रिटिश सैन्यानं आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. आपल्याकडे १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही.

हनुवटीचा पट्टा सैल असेल तर आदळण्याआधीच हेल्मेट निसटतं आणि हिशेब पुन्हा दीड मिलिसेकंदावर येतो. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेटही बदलायचं, बाहेरून धड दिसत असलं तरी. त्यातला थर चिरडून झालेला असतो. दुसऱ्यांदा द्यायला त्याच्याकडे मिलिमीटर उरलेले नसतात.