30,000 भागांचा गुणाकार

अगदी बारक्या स्क्रूपर्यंत मोजलं तर एका मोटारीत सुमारे 30,000 सुटे भाग असतात. आता समजा, त्यातला प्रत्येक भाग 99 टक्के खात्रीचा आहे, म्हणजे शंभरात एखादाच खराब निघतो. मग सगळेच्या सगळे भाग चांगले असलेली गाडी मिळण्याची शक्यता किती? 0.99 हा आकडा 30,000 वेळा मांडायचा आणि सगळ्यांचा गुणाकार करायचा. उत्तर येतं ते असं : 1 वर जवळपास 131 शून्यं, इतक्या गाड्यांमागे एक. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वातले एकूण अणू 1 वर 80 शून्यं इतके धरतात. प्रत्येक अणूमागे एक गाडी बनवली तरी त्यात एकही निर्दोष सापडायची नाही.

बरं, दर्जा दहापट सुधारू. हजारात एकच भाग खराब. तरीही जवळपास 11 लाख कोटी गाड्यांमागे एक निर्दोष! जगातले सगळे कारखाने मिळून वर्षाला साधारण 9 कोटी वाहनं बनवतात. या वेगाने ती एक गाडी बाहेर पडायला 1 लाख 20 हजार वर्षं लागतील.

आपली नजर इथे फसते, कारण टक्केवारी आपण शाळेत शिकलो. परीक्षेत गुणांची बेरीज होते. एक प्रश्न चुकला तरी बाकीचे गुण शाबूत राहतात. कारखान्यात गुणाकार होतो.

हा गुणाकार ज्यांनी गांभीर्याने घेतला त्यांच्यात मोटोरोलाचे अभियंते बिल स्मिथ होते. 1986 साली तिथे ‘सिक्स सिग्मा’ची सुरुवात झाली. उद्दिष्ट : दहा लाख संधींमागे फक्त 3.4 दोष. सिग्मा म्हणजे सरासरीपासून मापं किती इकडेतिकडे होतात त्याचं प्रमाण. निव्वळ गणिताने सहा सिग्माला 100 कोटींत 2 दोष यायला हवेत. पण यंत्र झिजतं, हत्याराची धार जाते, मालाची बॅच बदलते आणि सरासरी हळूहळू सरकते. त्यासाठी दीड सिग्माची सूट धरली की 3.4 येतात. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. आणि एवढ्या दर्जानेही आपल्या गाडीचा हिशेब केला तर? शंभरातल्या 90 निर्दोष, उरलेल्या 10 गाड्यांत कुठे ना कुठे किमान एक खराब भाग. चाकण-भोसरीकडे सुटे भाग बनवणारे टक्क्यांत न बोलता ‘पीपीएम’मध्ये, म्हणजे दहा लाखांत किती, असं बोलतात ते याचसाठी.

लाइनच्या शेवटी तपासनीस वाढवून हे आकडे गाठता येत नाहीत. चूक जिथे होते तिथेच अडवावी लागते. 1961 साली जपानमधल्या यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात एक छोटा स्विच बनत होता. त्याच्या दोन बटणांखाली दोन स्प्रिंगा बसवायच्या. कधीतरी एखादी राहून जायची आणि तक्रार थेट ग्राहकाकडून यायची. ‘लक्ष देऊन काम करा’ हे सांगून झालं होतं. उत्पादन-पद्धतींचे जपानी तज्ज्ञ शिगेओ शिंगो यांनी फक्त एक ताटली ठेवायला लावली. आधी दोन स्प्रिंगा मोजून ताटलीत काढायच्या, मग जोडणी सुरू. काम संपल्यावर ताटलीत स्प्रिंग दिसली, की तो स्विच पुढे जायच्या आतच उघडायचा. खर्च एका ताटलीचा. कामगार तेच, हात तेच. बदलली ती पद्धत. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या जाडजूड पुस्तकांपेक्षा ही ताटली जास्त शिकवते, असं माझं मत आहे.

चूक वेळीच अडली नाही, तर तीही गुणाकारानेच वाढते. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमध्ये ओलाव्याने आणि उष्णतेने बिघडणारं अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. एअरबॅग फुगवणारे इन्फ्लेटर फुटून माणसं दगावली, जगभरातून सुमारे 10 कोटी इन्फ्लेटर परत मागवावे लागले आणि 2017 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

हा हिशेब मोटारीपुरता नाही. रक्ताच्या नमुन्यावर नाव लिहिण्यापासून अहवाल हातात पडेपर्यंत 20 टप्पे धरा, प्रत्येक 99 टक्के अचूक. शंभरातल्या 18 अहवालांच्या वाटेत कुठेतरी चूक झालेली असेल. तुम्ही दवाखाना चालवत असा, पतपेढी किंवा छोटं वर्कशॉप. आपल्या कामाचे टप्पे एकदा कागदावर मांडा, गुणाकार करा, आणि जो टप्पा सगळ्यांत कच्चा निघेल तिथे माणूस बदलण्याआधी पद्धत बदलून पाहा.