लष्करी पिशवी : जुनी घ्यावी की नव्याने घडविलेली?

इंदूरहून महूकडे सुमारे २३ किलोमीटर गेले म्हणजे जी छावणी लागते ती १८१८ सालची. त्या वर्षीच्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि इंग्रजांनी होळकरांच्या दरबाराशेजारी आपली पलटण आणून बसविली. २००३ साली महूला डॉ. आंबेडकर नगर हे नाव मिळाले. छावणी मात्र आजही छावणीच आहे. अशा शेजारामुळे खाकी कापडाची, पितळी बकलांची जाड पिशवी इंदूरकरांना अपरिचित नाही. अलीकडे महाविद्यालयात जाणाऱ्या तरुणांना तिची पुन्हा हौस वाटू लागली आहे. मात्र बाजारात तिची दोन रूपे आढळतात. एक, प्रत्यक्ष सैनिकाच्या पाठीवर वावरलेली जुनी पिशवी. दुसरी, तिच्याच नमुन्याबरहुकूम आज शिवलेली नवी. रोजच्या वापरासाठी यांतील कोणती घ्यावी?

प्रथम कापडाविषयी. आपण ज्याला कॅनव्हास म्हणतो ते वास्तविक शिडाचे कापड होय. त्याचे इंग्रजी नाव अंबाडीसारखे दोर देणाऱ्या भांगेच्या झाडाच्या लॅटिन नावावरून आले. पुढे तेच कापड कापसाचे विणले जाऊ लागले. लष्कराने ते आपलेसे केले त्याला कारण होते. कातडे पावसात भिजते, वाळताना कडक होते आणि शेवटी तडकते. १९०८ साली ब्रिटिश पायदळाने कातडी पट्टे बाजूस सारून घट्ट विणीच्या सुती पट्ट्यांचा सरंजाम स्वीकारला, आणि १९३७ चा नमुना दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकांच्याही अंगावर होता. आज 'जुनी लष्करी पिशवी' म्हणून जी विकली जाते ती पुष्कळदा याच नमुन्याची असते.

घट्ट विणीच्या सुती कापडाचा एक गुण आपल्याकडील जुन्या मंडळींना निराळ्या वाटेने ठाऊक आहे. आगगाडीच्या खिडकीबाहेर किंवा मोटारीच्या पुढे लटकणारी छागल आठवावी. तिच्यात पाणी ओतले की सुताचे तंतू फुगतात, विणीतील छिद्रे बुजतात आणि पाणी धारेने गळत नाही. केवळ झिरपते, आणि त्या झिरपण्याच्या वाफेने आतले पाणी थंड होते. पिशवीच्या बाबतीत हाच गुण उलट बाजूने उपयोगी पडतो. पहिली सर अंगावर घेतल्यावर कापड स्वतःच आपली दारे लावून घेते. मात्र हे शुद्ध सुताचे काम आहे. कृत्रिम धाग्याची भेसळ असेल तर तंतू तितके फुगत नाहीत, आणि मग पाणी अडविण्याची सारी भिस्त वरच्या लेपावर राहते.

यास्तव नवी पिशवी घेताना पहिली परीक्षा धाग्याची. शिवणीच्या आतल्या कडेचा एखादा सुटा धागा काढून जाळावा. सूत कागदासारखे जळते आणि त्याची मऊ राख होते; पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो. दुसरी परीक्षा बकलांची. ती पितळी आहेत असे सांगितले जाते, पण लोहचुंबक जवळ नेल्यावर चिकटली तर आत लोखंड आहे आणि वर केवळ पितळी मुलामा आहे. असे बकल दोन पावसाळ्यांत गंजते आणि गंजाचा डाग कापडाला कायमचा लागतो. खऱ्या पितळेवर फार तर हिरवा कळंक चढेल. तो चिंचेने घासला की जातो, हे कोणत्याही गृहिणीला सांगावयास नको.

जुन्या पिशवीची परीक्षा याहून अवघड. तिचे कापड बहुधा दणकट असते, पण शिवणीचा दोरा दगा देतो. ऐंशी वर्षे घडी घालून पडलेल्या मालाला बुरशीने पोखरलेले असते. सूत हे तिचे अन्नच. मालव्याच्या पावसाळ्यात बंद पेटीत काय होते ते कपाट उघडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून पट्टा जेथे पिशवीला जोडलेला असतो तेथे दोन्ही हातांनी जोराने ताणून पाहावे. दोरा तुटल्याचा बारीक आवाज आला तर निराश होण्याचे कारण नाही, चांगला मोची पुन्हा शिवून देईल. परंतु कापडच कागदासारखे फाटले तर त्यावर उपाय नाही. ठिगळ लावण्याचा मोह होतो. मात्र कोऱ्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्राला लावू नये, असा एक दृष्टांत शुभवर्तमानात आहे, आणि धर्मोपदेश बाजूस ठेवला तरी शिंपीकाम म्हणूनही तो अगदी खरा आहे. कोरे कापड धुतल्यावर आटते आणि भोवतालचे जीर्ण कापड ओढून फाडते. ठिगळ लावायचेच तर ते कापड दोनदा धुऊन घ्यावे.

एका जातीच्या जुन्या पिशवीपासून मात्र दूरच राहावे. महायुद्धकाळात विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे ज्यांत ठेवीत त्या पिशव्या दिसावयास सुबक असतात. पण त्या काळच्या ब्रिटिश मुखवट्यांच्या गाळणीत ॲस्बेस्टॉस वापरलेले असे. त्याचे सूक्ष्म तंतू अस्तरात अडकून राहिले असण्याचा संभव असतो, आणि ते श्वासावाटे फुप्फुसात जाणे घातक आहे. वही आणि डबा ठेवण्यासाठी ही जोखीम कोणी का पत्करावी?

पुढचा प्रश्न मापाचा, आणि तो बहुतेकांच्या ध्यानात घरी आल्यावर येतो. १९३७ च्या नमुन्याची पाठीवरची लहान पिशवी जेमतेम फूटभर आहे. तिच्या आत पडदे असून पुढचे कप्पे जेवणाच्या डब्यासाठी आणि पाण्याच्या बाटलीसाठी केलेले आहेत. शिपायाला फुलस्केप वही न्यावयाची नव्हती. सुमारे साडेतेरा इंच लांबीचा तो कागद तिच्यात उभा मावत नाही, मग संगणकाची गोष्टच नको. शिवाय तिचे खांद्याचे पट्टे स्वतंत्र असतात आणि त्यांचे आकडे छातीवरील काडतुसांच्या खिशांना अडकविण्यासाठी आहेत. पुष्कळदा पिशवी मिळते, पट्टे मिळत नाहीत. नव्याने घडविणारा कारागीर येथे सवलत घेऊ शकतो : बाह्य रूप तेच ठेवून तो दोन इंच उंची वाढवितो आणि पट्टे पक्के शिवतो. अशा फरकाला शुद्धतेचे अभिमानी नाके मुरडतात. परंतु रोज बसच्या गर्दीत चढणाऱ्याला तोच फरक हवा असतो.

नव्या मालाला जुन्याचे सोंग देणे हा मात्र निव्वळ लबाडीचा भाग. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाच्या पात्यासारखी खूण आणि सालाचा आकडा छापलेला असे. ती खूण आज कोणीही छापू शकतो. म्हणून शिक्क्यावर विसंबू नये. वापराच्या खुणा पाहाव्यात. खऱ्या जुन्या पिशवीचा रंग उन्हाने झाकणावर उडालेला आणि झाकणाखाली टिकलेला असतो. सर्वत्र सारखा फिकट रंग दिसला तर तो धुण्याच्या भट्टीत फिकट केला असे समजावे.

आणखी एक गोष्ट. पिशवी खाकी असणे हा गुन्हा नव्हे. पण आपण सैनिक आहोत असा समज व्हावा या हेतूने सैनिकाचा वेश वा चिन्ह वापरणे भारतीय दंड संहितेच्या १४० व्या कलमाखाली गुन्हा होता, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. तेव्हा पलटणीची चिन्हे त्यावर शिवून मिरवू नयेत.

एकंदरीत पाहता रोजच्या वापराला नवी, पण शुद्ध सुताची पिशवी बरी. ज्यांच्या घरी आजोबांची पिशवी आहे त्यांनी तिला आणखी राबवू नये. ती नमुना म्हणून ताडपत्र्या आणि तंबू शिवणाऱ्याकडे न्यावी, माप वाढवून सांगावे, दोरा मेणाचा घ्यावयास लावावा आणि पट्ट्याच्या जोडावर चौकोन व त्यात फुली अशी दुहेरी शिवण मागावी. कापड बेतण्यापूर्वी भिजवून घेण्यास विसरू नये. शिवून आल्यावर मृगाची वाट न पाहता एक दिवस नळाखाली धरावी, आत कोरा कागद ठेवावा, आणि तो कोरडा निघाला तरच तिच्यात पुस्तके भरावीत.