हापूसची पेटी दुकानातून घ्यायची, ॲपवरून की थेट बागायतदाराकडून? आधी दुकानदारीचे हे प्रकार समजून घ्या

एप्रिल उजाडला की प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो, "अस्सल रत्नागिरी हापूस, घरपोच मिळेल." तोच हापूस रत्नागिरीत राम आळीच्या बाजारात मिळतो, हायवेच्या कडेला मिळतो, मुंबई-पुण्याच्या सुपरमार्केटमध्ये मिळतो आणि काही मिनिटांत माल पोचवणाऱ्या ॲपवरही मिळतो.

आंबा तोच, पण भाव वेगळा. आणि पेटीत सहा आंबे सडके निघाले तर भांडायचं कोणाशी, याचंही उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं.

असं का? कारण यातला प्रत्येक जण किरकोळ विक्रेता असला तरी प्रत्येकाचा धंदा वेगळ्या पद्धतीने चालतो. तो समजून घ्यायला तीन प्रश्न पुरेसे आहेत. माल कोणाच्या मालकीचा? भाव कोण ठरवतो? आणि उरलेला माल कोणाच्या अंगावर पडतो?

१. रस्त्यावरचा विक्रेता आणि किराणा दुकान

इथे तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच, दुकानदार. तो घाऊक व्यापाऱ्याकडून माल विकत घेतो, त्यावर आपला नफा धरतो आणि विकतो. साबण, बिस्किटं अशा पॅकबंद मालावर एमआरपी छापलेली असते, त्यापेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. सुट्या आंब्यावर मात्र एमआरपी नसते, म्हणून तिथे घासाघीस चालते. संध्याकाळी भाव उतरतो तो याचमुळे. पिकलेला आंबा उद्यापर्यंत थांबत नाही, आणि सडला तर नुकसान त्याचंच. किराणा दुकानाची खरी ताकद म्हणजे ओळख आणि उधारी.

२. सुपरमार्केट

इथे प्रत्येक वस्तूवर नफा कमी, पण विक्री प्रचंड. डी-मार्टचंच बघा. २००२ मध्ये मुंबईत पवईला पहिलं दुकान सुरू झालं. मोठ्या प्रमाणात खरेदी, पुरवठादाराला लवकर पैसे आणि बहुतेक दुकानांच्या जागा स्वतःच्या मालकीच्या, त्यामुळे भाड्याचा बोजा कमी. वाचलेल्या पैशातून एमआरपीपेक्षा कमी भाव देता येतो. इथे घासाघीस नाही आणि उधारीही नाही.

३. फ्रँचायझी

नाव कंपनीचं, गुंतवणूक स्थानिक माणसाची. 'चितळे एक्सप्रेस' हे आपल्याकडचं ओळखीचं उदाहरण. माल कुठून घ्यायचा, दुकान कसं दिसायचं, भाव काय ठेवायचा हे कंपनी ठरवते. दुकान चाललं नाही तर झळ मात्र जास्त करून दुकान चालवणाऱ्याला बसते.

४. ग्राहकांची सामूहिक खरेदी

हा प्रकार खास आपल्या मातीतला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबं गट करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, संस्था एकगठ्ठा खरेदी करते आणि सभासद आपापसांत वाटप करतात. मागणी आधी, खरेदी नंतर. त्यामुळे दुकानाचा खर्च नाही आणि माल पडून राहण्याची भीतीही फारशी नाही.

५. ॲप

इथे बरेच जण फसतात. मोठ्या ॲपवर माल दिसतो, पण तो बऱ्याचदा ॲपचा नसतो. परदेशी गुंतवणूक असलेल्या ई-कॉमर्स कंपनीला स्वतःचा माल साठवून ग्राहकाला विकायची परवानगी आपल्या नियमांत सर्वसाधारणपणे नाही. ती बहुतेक वेळा फक्त बाजारपेठ चालवते, म्हणजे विक्रेता आणि ग्राहकाची गाठ घालून देणं आणि विक्रेत्याकडून कमिशन घेणं. म्हणून बिलावर ॲपऐवजी भलत्याच कंपनीचं नाव दिसतं. तोच तुमचा खरा विक्रेता.

६. थेट बागायतदार

पूर्वी बहुतेक पेट्या वाशीच्या बाजार समितीत दलालाकडे जायच्या. भाव तिथे ठरायचा आणि बागायतदाराला तो नंतर कळायचा. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, त्यामुळे थेट विक्रीचा रस्ता सोपा झाला. आता भाव बागायतदार ठरवतो. पण पॅकिंग, वाहतूक, वाटेत खराब झालेला आंबा आणि ग्राहकाचे रात्री अकराचे फोन, हेही सगळं त्याच्याकडेच आलं. म्हणून थेट घेतलेली पेटी दरवेळी स्वस्तच मिळेल असं नाही. फरक इतकाच की दलालाचा वाटा बागायतदाराच्या हातात राहतो.

अडचण अशी की परराज्यातला आंबाही 'रत्नागिरी' म्हणून खपवला जातो. कोकणच्या हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे त्यात येतात. पेटी मागवताना विक्रेत्याची जीआय नोंदणी आहे का, हे बिनधास्त विचारा.

मग आंबा खराब निघाला तर?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. त्यामुळे 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी खराब मालाच्या बाबतीत चालत नाही. अर्थात आंब्याच्या बाबतीत ३० दिवस थांबू नका. पेटी उघडताना फोटो काढा आणि त्याच दिवशी कळवा.

ॲपवरून घेतलं असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवणं बंधनकारक आहे. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

व्हॉट्सॲपवर पेटी मागवताय? मग पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि बिल मागा. खरा बागायतदार ते आनंदाने देईल. जो टाळाटाळ करेल, त्याच्या आंब्याचं गाव कोणतं हे वेगळं सांगायला नको.